हॉलमधला हिवाळा

एव्हरशाईन सिटीतल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात हिवाळा आणायचा, असं श्रीरंगरावांनी दिवाळीनंतर ठरवलं आणि आशालताबाईंनी कपाळाला हात लावला. वसईला हिवाळा येतो तो घाईतल्या पाहुण्यासारखा. पहाटे दारात उभा राहतो आणि चहासुद्धा न घेता जातो. पण श्रीरंगरावांची सारी नोकरी एका कारखान्याच्या खरेदी विभागात गेली होती. मागवलेली वस्तू येतेच, यावर त्यांची देवापेक्षा जास्त श्रद्धा होती.

निमित्त झालं एका फोटोचं. परदेशातल्या मुलाकडे राहायला गेलेल्या एका जुन्या सहकाऱ्यानं निवृत्तांच्या ग्रुपवर आपल्या खिडकीतली कुंडी दाखवली होती: मागे बर्फ आणि पुढे लालभडक अमॅरिलिस. श्रीरंगरावांनी तो फोटो दोन बोटांनी मोठा करकरून पाहिला.

"ही तर आपल्या गेटजवळची लिली," आशालताबाई म्हणाल्या. "वैशाखात फुलते. वॉचमन तिच्यावर चूळ भरतो."

"ती सामान्य जात. हे कंद हॉलंडचे. हिवाळ्यात, घरात फुलवायचे असतात."

"मग हॉलंडात जाऊन फुलवा."

पुढचा आठवडा लाल रंगानं खाल्ला. श्रीरंगरावांनी निविदा तपासाव्यात तशा जाती तपासल्या. रेड लायनचा लाल स्वच्छ, पण जरा उघडावाघडा. ब्लॅक पर्लचा काळसर, खानदानी. डबल किंगच्या पाकळ्या दुहेरी, पण इतक्या भरगच्च की लग्नातल्या स्टेजची आठवण यावी. ताटावर बसल्यावर, आमटीत बोट बुडवून, ते विचारत, "कुंकवाकडे झुकणारा बरा, की डाळिंबाकडे?"

"मला बघायला आलात तेव्हा पोह्यांच्या बशीतून मान वर केली नव्हती तुम्ही," आशालताबाई म्हणाल्या. "आता कांद्यांची स्थळं बघताय."

शेवटी तिन्ही जाती मागवल्या गेल्या. हे सगळं येणाऱ्या नातवंडाच्या स्वागतासाठी चाललं आहे, असं आता श्रीरंगराव सांगू लागले.

नातवंड येणार होतं हे मात्र खरं. एकुलती एक मुलगी उन्नती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी यायची होती. तिनं लग्न केलं होतं ते भूपेशशी, खाडीकाठच्या शेतकरी घरातल्या मुलाशी. "आम्ही मोठ्या मनानं स्वीकारलं," हे वाक्य श्रीरंगराव इतक्या वेळा म्हणत, की मनाचं माप ऐकणाऱ्याला आपोआप कळे. आशालताबाईही काही धुतल्या तांदळाच्या नव्हत्या. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या सासरच्या पाण्याला शिवायचं नाही, हा सासूनं घालून दिलेला देशावरचा रिवाज त्या पाळत. त्या घरी त्या दोनदा गेल्या, आणि विहीण हंसाबाईंनी पुढे केलेला पेला तसाच ठेवून, तहानलेल्या परत आल्या.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. पहिलं बाळंतपण आपल्या घरी, आपल्या हातून व्हावं. त्यासाठी त्यांनी मऊ झालेल्या जुन्या साड्यांची दुपटी शिवली होती आणि डिंक, खारीक, खोबरं आणून ठेवलं होतं.

उन्नती आली तेव्हा हॉलमधले पडदे ओढलेले होते. एसी सकाळपासून घुमत होता. खिडकीच्या कट्ट्यावर तीन कुंड्या, कुंड्यांशेजारी थर्मामीटर, आणि थर्मामीटरशेजारी कानटोपी घातलेले बाबा.

"बाबा, हे काय?"

"दार लाव आधी. थंडी जाते."

घर ते केवढं! खोलीतून मोरीकडे जायचं तर हॉलमधून, स्वयंपाकघरात जायचं तरी हॉलमधून. चार दिवसांत उन्नतीला खोकला धरला. आठव्या महिन्यात खोकला आला की पोटाला दोन्ही हातांनी सावरत खोकावं लागतं. ती शाल गुंडाळून बसली आणि फोनवर त्या कंदांची माहिती वाचू लागली.

"बाबा, इथं लिहिलंय, कोंब यायला ऊब आणि उजेड लागतो. थंड जागा फुलं आल्यावर, ती टिकावीत म्हणून."

श्रीरंगराव अजाण बालकाकडे बघावं तसे हसले. "ते त्यांच्या उबेबद्दल आहे, बाळा. तिकडची ऊब म्हणजे आपला गारवा."

एवढ्यावर आशालताबाई बोलल्या नसत्या. पण त्याच संध्याकाळी त्या तुपात डिंक तळत होत्या. कढईत डिंक लाह्यांसारखा फुलत होता, घरभर वास सुटला होता, आणि श्रीरंगराव थर्मामीटर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले.

"तळण बंद कर. पारा चढला."

"बाळंतिणीचे लाडू आहेत हे."

"बाहेरून मागवू की."

"मुलगीही बाहेरूनच मागवायची होतीत," त्या म्हणाल्या, "तीन नमुने बघून."

पण त्यांनी गॅस बंद केला. तीस वर्षांच्या संसारात अंगवळणी पडलेली ती गोष्ट होती. जीभ त्यांची चाले, आणि घर त्यांच्या नवऱ्याचं.

रविवारी हंसाबाई भूपेशबरोबर सुनेला भेटायला आल्या. चप्पल काढून आत पाऊल टाकलं आणि त्यांनी पदर अंगाभोवती घट्ट ओढला.

"इथं कोन आजारी हाय?"

"कुणी नाही, विहीणबाई. बसा," श्रीरंगराव उत्साहानं म्हणाले, आणि त्यांनी तिन्ही लाल समजावून सांगितले. कुंड्यांत अजून नुसत्या गड्ड्या होत्या, दाढी न केलेल्या हनुवटीसारख्या. हंसाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मधे उन्नती तीनदा खोकली. दर वेळी हंसाबाईंनी मान तिकडे वळवली आणि श्रीरंगरावांनी वाक्य पुन्हा सुरुवातीपासून सांगितलं.

"ताई," त्या शेवटी आशालताबाईंना म्हणाल्या, "राग मानू नका. पोरीला मी घेऊन जाते. आमच्याकडं ऊन हाय."

"असं कसं? पहिलं बाळंतपण माहेरी असतं."

"असतं ना. मी कुठं नाही म्हनते?"

आशालताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. एक बटण दाबायचं होतं. एसीचा रिमोट श्रीरंगरावांच्या मांडीवरच होता. आयुष्यात पहिल्यांदाच आशालताबाईंना टोमणा सुचला नाही, नुसती विनवणी सुचली, आणि ती विहिणीसमोर तोंडातून बाहेर पडेना.

श्रीरंगरावांनी विचार केला. खरेदी विभागात करत तसा, ओठ मुडपून.

"चार दिवस जाऊ दे तिला," ते म्हणाले. "तोवर कळी धरेल. मग आणू."

उन्नतीनं बॅग भरली. निघताना तिनं कट्ट्यावरची एक कुंडी उचलली. "ही मी नेते, बाबा."

ती डबल किंग होती, स्टेजवरची. श्रीरंगरावांनी उदार होऊन सोडली. "ने. तुमच्याकडच्या उकाड्यात जगायची नाही, पण ने."

चार दिवसांचा महिना झाला. भूपेशनं तिकडच्याच डॉक्टरकडे नाव घातलं. हॉलमधल्या दोन गड्ड्यांनी नखाएवढं हिरवं टोक काढलं आणि विचार बदलल्यासारख्या तिथंच थांबल्या. श्रीरंगरावांनी एसी आणखी खाली नेला. स्वेटरावर मफलर चढला. खालच्या मजल्यावरचा कल्पेश लिफ्टमध्ये त्यांना म्हणाला, "काका, काश्मीरला चाललात?" त्यांनी मफलर आणखी घट्ट केला. सामान्य माणसांशी बोलणं त्यांनी कमीच केलं होतं.

एका सकाळी त्यांना न विचारता आशालताबाईंनी कढई चढवली. डिंक तळला, लाडू वळले, डबा भरला, दुपट्यांचं गाठोडं बांधलं.

"कुठे निघालीस?"

"बाळंतपणाला."

"विहिणीच्या घरी? राहायला? अगं, आपल्यात पाणीसुद्धा..."

"आपल्यात बाळंतिणीला घराबाहेरही काढत नाहीत," त्या म्हणाल्या. "दार लावून घ्या. थंडी जाईल."

रिक्षा खाडीकडे वळली तेव्हा उन्हं चढली होती. हंसाबाईंच्या ओट्यावर उन्नती पाय पसरून बसली होती, खोकला कुठल्या कुठे गेलेला. शेजारी कठड्यावर डबल किंग. हातभर दांडा, आणि त्याच्या टोकाला दोन प्रचंड, बेशिस्त, भरगच्च फुलं. "घरात जागाच नव्हती ओ ठेवायला," हंसाबाई अपराध्यासारखं म्हणाल्या. "म्हनून बाहेर राहिली."

मग त्या आत गेल्या आणि सवयीनं पेला भरून आणला. आणल्यावर त्यांना आठवलं. हात मधेच थबकला. "मी आपलं... पानी, ताई..."

तेवढ्यात आशालताबाईंचा फोन वाजला. उन्नतीनं धाडलेला फोटो श्रीरंगरावांना मिळाला होता.

"अगं, खरंच फुललं? नीट बघ आणि सांग. फोटोत रंग फसवा येतो. कुंकवाकडे झुकतो की डाळिंबाकडे?"

आशालताबाईंना वाटलं, मुलगी कशी आहे, हे आता विचारतील, मग विचारतील. फोनमधून एसीची घरघर तेवढी ऐकू आली.

"लाल आहे," त्या म्हणाल्या.

"अगं, पण लाल म्हणजे नेमका..."

त्यांनी फोन बंद करून गाठोड्यावर ठेवला, विहिणीच्या हातातून पेला घेतला, आणि एका दमात रिकामा केला.