रोवणीतल्या झोळ्या

आंबेटोल्याच्या केशरबाईचं लेकरू रोवणीत, भातलावणीच्या दिवसांत, गेलं. दहा महिन्यांचा मुलगा, नुकताच रांगायला लागलेला. केशरने त्याला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पळसाच्या सावलीत निजवलं होतं आणि ती बाकीच्या बायांबरोबर बांधीत, म्हणजे भातखाचरात, वाकून धानाचे पऱ्हे रोवत होती. रोवता रोवता ओळ लांब गेली. मुलगा जागा झाला, रांगत धुऱ्याच्या कडेला आला आणि पलीकडच्या बांधीत पडला. बांधीत पाणी जेमतेम घोट्याएवढं होतं.

दोष कोणाचाच नव्हता. पवनीकडच्या त्या गावांत रोवणीच्या दिवसांत असंच चालायचं. सासू, सून, नणंद, सगळ्या चिखलात. उपटलेले पऱ्हे कोणासाठी थांबत नाहीत, रोपं वाळून जातात. लेकरू सांभाळायला घरात कोणी उरतच नसे.

हे पंचाहत्तर सालचं. गावाच्या टोकाला, बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, वरच्या अंगाला, मिशनने बांधलेलं एक लहान कौलारू चर्च होतं. शांतवन पाळक आणि त्यांची बायको एस्तेरबाई नुकतेच अहमदनगरकडून तिथे बदलून आले होते. चर्चची माणसं म्हणजे मोजकी कुटुंबं. बाकी सारं गाव पिढ्यान् पिढ्या धान पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचं. पाळकांना लोक पादरीबाबा म्हणत, वाटेत भेटले तर रामराम करत, आणि आपल्या कामाला लागत.

मुलगा गेल्याचं कळल्यावर एस्तेरबाई केशरकडे गेली. मग ती नुसतीच जाऊन बसायला लागली. केशर तांदूळ निवडत असली तर तीही सुपात हात घालायची. पावसाळा संपला, धान कापून झालं, थंडी पडली, तरी तिचं जाणं चालूच राहिलं. अशाच एका दुपारी केशर सुपाकडे बघत म्हणाली, "बाई, त्याले ठेवाले कुठं जागा असती न, तं मी ठेवला असता."

तिने काही मागितलं नव्हतं. मनात आलं ते बोलली. पण एस्तेरबाई त्या दिवशी घरी आली ती सरळ चर्चमध्ये गेली आणि छताच्या बल्ल्यांकडे बघत उभी राहिली. शांतवन मागून आले.

"काय बघतेस?"

"या बल्ल्या झोळ्या पेलतील का, ते बघते. आठवड्यातले सहा दिवस ही जागा रिकामी असते. रोवणीत बायांनी पोरं इथं ठेवली तर?"

"जागा आहे गं. पण लोक पाठवतील का पोरं आपल्याकडे?"

"आपल्याकडे नाही पाठवणार. गावाकडे पाठवतील. गावालाच बरोबर घेऊ."

चर्चच्या पंचांपैकी तेजरामला हे पटलं नाही. "पोरं फरशीवर हगतील-मुततील, पाळकसाहेब. प्रार्थनेची जागा आहे."

"मग धुऊन काढू," शांतवन म्हणाले. "मी झाडू घेतो, तुम्ही पाणी ओता."

गावात एक महिला मंडळ होतं, कौशल्याबाईंचं. एरवी त्या हळदीकुंकू करत, पापड लाटत आणि कोणाघरी बाळंतीण अडली तर धावून जात. एस्तेरबाई त्यांच्या ओसरीवर जाऊन बसली. कौशल्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पोरायच्या खान्याची चूल कोन सांभाळन?"

"काकू, तुम्ही म्हणाल ती."

"मंग चूल माह्याकडे," त्या म्हणाल्या.

दुसरं होतं भजन मंडळ. त्याचे प्रमुख गोमाजी, साठीच्या घरातले, गावात शब्दाला वजन असलेले. ते स्पष्टच बोलले. "पादरीबाबा, तुमचं मन साफ आहे, मले मालूम आहे. पन लोक बोलतीन. आज पोरं चर्चात ठेवली, उद्या त्यायच्या गळ्यात क्रूस दिसन म्हनतीन."

"मग तुमचाच माणूस तिथं बसवा, बुवा," शांतवन म्हणाले. "दिवसभर. आम्ही जागा देतो आणि सांगाल ते काम करतो. त्यापलीकडे काही करताना दिसलो तर पोरं घेऊन जा."

गोमाजींनी मिशीवरून हात फिरवला. "मीच बसीन," ते म्हणाले. "रोवणीत वाकाले कंबर कुठं राहिली माही. अन् झोळ्यायचे दोर आमच्या मंडळाचे."

पवनीत व्यापाऱ्यांची एक धर्मादाय संस्था होती. यात्रेच्या वेळी ती पाणपोई चालवायची. कौशल्याबाई बैलगाडी जुंपून तिथे गेल्या आणि गूळ, शेंगदाणे आणि मुगाची डाळ घेऊन आल्या.

शहात्तरची रोवणी लागली. जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बल्ल्यांना ओळीने टांगल्या गेल्या. अंगणातल्या चुलीवर तांदळाची पेज शिजली. गोमाजी दारात घोंगडी टाकून राखणीला बसले. आणि कोणीच आलं नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. बाया डोक्यावर पऱ्ह्यांच्या पेंढ्या आणि कडेवर लेकरं घेऊन चर्चसमोरून जायच्या, आत डोकावायच्या, पुढे निघायच्या. संध्याकाळी पेज गुरांना घातली. महिला मंडळाच्या बायांनीसुद्धा आपली पोरं आणली नव्हती. खुद्द कौशल्याबाईंचा नातू सुनेबरोबर शेतावरच जात होता. एस्तेरबाईच्या ते लक्षात आलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी केशर आली. एकटीच.

"मी पोरायपाशी बसतो," ती म्हणाली.

"केशर, पोरं आहेत कुठं?"

"येतीन न."

तिने पदर खोचला आणि रिकाम्या झोळ्या एकेक झटकून नीट करायला घेतल्या. थोड्या वेळाने रुखमिणी नावाची एक तरुण सून दारात आली. तिच्या कडेवर वर्षाची मुलगी होती. केशरला आत बघून ती जरा धिटावली. "केशरबाई, तुमी आहा काय? मंग ठेवतो बाप्पा हिले." मुलगी केशरच्या हातात देऊन ती वळली, तोच मागून तिची सासू सत्यभामाबाई धापा टाकत आली.

"काय करून राहिली वं? जिचं सोताचं लेकरू गेलं तिच्या हातात आपलं देते?"

केशरने मुलगी अलगद रुखमिणीच्या हातात परत दिली. ती कोणाकडे न बघता बाहेर पडली आणि बोडीच्या पाळीवर, तळ्याच्या बांधावर, जाऊन बसली. सत्यभामाबाई सुनेला आणि नातीला घेऊन निघून गेली.

एस्तेरबाई केशरच्या मागे निघाली, पण कौशल्याबाईंनी तिला हाताने थांबवलं. "तुमी राहा बाई. हे माहं काम आहे. पयलेच कराले पायजे होतं." आणि त्या तरातरा आपल्या शेताकडे गेल्या.

परत आल्या तेव्हा त्यांच्या कडेवर नातू होता, चिंधू, चिखलाने माखलेला आणि भोकाड पसरलेला. त्या चर्चमध्ये शिरल्या नाहीत. सरळ बोडीच्या पाळीवर गेल्या आणि त्यांनी पोराला केशरच्या मांडीवर ठेवलं.

"धर. मले चूल पाहाची आहे."

"काकी, नोको. लोक काय म्हनतीन..."

"लोकायचं मी पायतो. याले भूक लागली आहे. पेज चार, आंग पूस अन् झोपव."

पाळीवरून बाया बांधीकडे जात होत्या. त्या थबकल्या. केशर आधी हात आखडून बसली होती. मग चिंधूनेच तिचा पदर ओढला आणि त्या पदराला आपलं नाक पुसलं. केशरचा हात आपोआप त्याच्या पाठीवर गेला. ती रडत होती आणि त्याला थोपटत होती. बऱ्याच वेळाने ती त्याला घेऊन उठली आणि चर्चमध्ये आली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता रुखमिणीची मुलगी आली. तिला घेऊन आली होती सत्यभामाबाई स्वतः. केशरकडे थेट न बघता तिने नातीला पुढे केलं. "हिनं शी केली तं लवकर धुवा लागते. नाई तं लय रडते."

"धुईन," केशर म्हणाली.

सत्यभामाबाई जराशी घुटमळली, मुलीचं अंगडं उगाच सारखं केलं आणि बांधीकडे गेली.

आठवड्याभरात झोळ्या कमी पडल्या. रांगणारी पोरं सतरंजीवर, मोठी अंगणात. तेजराम बादली घेऊन दिवसभर फरशी धूत होता आणि कुरकुरत होता, पण एखादं पोर त्याच्या धोतराला धरून उभं राहिलं की त्याची कुरकुर बंद व्हायची. पहाऱ्यासाठी बसलेल्या गोमाजींनी पायाच्या अंगठ्याला दोर बांधून घेतला होता. ते डुलक्या घेत आणि पाय हलवत, आणि दोन झोळ्या एकदम हलत.

एका दुपारी बाहेर पावसाची झड लागली होती. पोरं निजली होती. केशर एस्तेरबाईच्या शेजारी भिंतीला टेकून बसली होती.

"त्याचं नाव तुलाराम होतं," ती एकदम म्हणाली. "घरी आता कोनी घेत नाही नाव. मले वाईट वाटन म्हनून."

"तुलाराम," एस्तेरबाई म्हणाली. तिने ते नाव आपल्या नगरी वळणाने, सावकाश घेतलं.

"हाव," केशर म्हणाली. "लय हसे तो. कोनी नुसतं पाहालं तरी हसे." आणि ती कितीतरी वेळ त्याच्याबद्दल बोलत राहिली.

पहिला रविवार आला तेव्हा वेगळाच पेच पडला. रोवणीला रविवार नसतो. पोरं सकाळीच आली आणि प्रार्थनेची वेळही झाली. शांतवननी प्रार्थनेला आलेल्यांना बाहेर व्हरांड्यात बसवलं. "आज गाणी हळू म्हणायची," त्यांनी बजावलं. मंडळी तोंडातल्या तोंडात गायला लागली. दुसरं गाणं संपल्यावर शांतवन बोलायला उभे राहिले, तर आतून एक पोर किरकिरलं, मग दुसरं. गोमाजी उठून दारात आले.

"पादरीबाबा, गानं काहून थांबवलं? चांगली झोपून राहिली होती पोरं. म्हना न अजून. जरा मोठ्यानं म्हना."

व्हरांड्यात हशा पिकला. शांतवननी आपलं पुस्तक मिटलं आणि त्या रविवारी प्रवचन झालंच नाही. आठवतील तेवढी गाणी म्हटली. संपली तेव्हा गोमाजी घरून टाळ घेऊन आले आणि त्यांनी आपला एक अभंग सुरू केला. तेजरामला त्याचं धृपद येत होतं, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

त्यानंतर दर रोवणीत चर्चमध्ये झोळ्या लागल्या. आजूबाजूच्या टोल्यांवरच्या, लहान वस्त्यांवरच्या, बायाही पोरं आणू लागल्या. पुढे केशरला दोन मुली झाल्या. त्या तिथेच रांगल्या, तिथेच चालायला शिकल्या. गावात सरकारी अंगणवाडी आली तेव्हा मदतनीस कोणाला नेमायचं यावर चर्चासुद्धा झाली नाही. केशरचंच नाव सगळ्यांनी सांगितलं, आणि सगळ्यांच्या आधी सत्यभामाबाईने.

चौऱ्याऐंशीत शांतवन पाळकांची बदली झाली. एसटीच्या थांब्यावर बरीच माणसं जमली. कौशल्याबाईंनी तांदळाच्या पापडांचा डबा बांधून दिला. गोमाजींना आता नीट चालवत नव्हतं, त्यांना बैलगाडीत घालून आणलं होतं. एसटीला उशीर होता. केशर आली, एस्तेरबाईचे हात धरून उभी राहिली, पण तिचं लक्ष पुन्हापुन्हा अंगणवाडीच्या दिशेने जात होतं.

"जा तू," एस्तेरबाई म्हणाली.

"पोरं एकटी आहेत न बाई. खिचडी चुलीवर आहे."

"मग थांबलीस कशाला? जा."

केशरने तिला मिठी मारली, डोळे पुसले आणि ती निघाली. वळणापर्यंत ती चालत गेली. तिथून पोरांचा आवाज कानावर आला तशी ती पदर खोचून पळतच सुटली.