धुळ्याचे दिवस धरत नाहीत

कानबाईच्या रोटांसाठी भिकुबाईने गहू काढले ते तीन माणसांचे. एक ती स्वतः, एक मुलगा भूषण आणि एक सून सारिका. या घरची रीतच अशी, की माणसामागे सव्वा मूठ गहू घ्यायचा, दळायचा आणि त्याचे जाड रोट भाजून घरच्याच माणसांनी खाऊन संपवायचे. शेजाऱ्याला द्यायचे नाहीत, लग्न झालेल्या लेकीलाही नाहीत. श्रावणातल्या त्या रविवारी, कानबाई देवी घरोघर बसते तेव्हा, गावातली माणसं सुरतेहून, पुण्याहून, कुठून कुठून चोपड्याच्या गाड्या धरून येतात. भूषण धुळ्याहून आला नाही.

सोमवारी कानबाईला नदीवर पोचवून बायका परतल्या. शेजारची लताबाई ओल्या पदरानेच ओट्यावर टेकली.

"अक्का, पोरगा नई ऊना का यंदा?"

"काम शे त्याले."

"क्यानडामा व्हता तवय तरी फोन करे!"

भिकुबाईने हसून वेळ मारून नेली आणि घरात आली. सारिका रोटांच्या डब्यापाशी बसली होती. दोघींनी दोन दिवस खाल्लं तरी डबा उतरत नव्हता.

भूषण कॅनडात आठ वर्षं एकटा राहिला, तिथला नागरिक झाला आणि मग जळगावची सारिका बायको म्हणून घेऊन गेला. तिला तिथे कायम राहण्याचं कार्ड मिळालं. तिने जेमतेम एक हिवाळा काढला असेल, तोच इकडे सासऱ्यांना, सुपडूआबांना, पक्षाघात झाला. दोघं धावत आले. वर्षभर आबांचं सगळं सारिकाने केलं. कार्डाचं काय, असं कुणी विचारलं की ती निर्धास्तपणे सांगायची, "नवरा तिथला नागरिक असला आणि आपण त्याच्यासोबत राहत असलो, तर इथले दिवसही तिथे राहिल्यासारखेच धरतात."

आबा गेले. भूषणने धुळ्याला पाइपच्या कारखान्यात नोकरी धरली, देवपुरात खोली घेतली. आधी दर रविवारी यायचा, मग सणाला, मग तेही नाही. एकदा सारिका चार भांडी आणि गादी घेऊन धुळ्याला गेली होती. चौथ्या दिवशी परत आली. काय झालं ते तिने सांगितलं नाही आणि भिकुबाईने विचारलं नाही. दोन वर्षं अशी गेली.

गेल्या आठवड्यात मात्र जळगावच्या व्हिसा सल्लागाराने तिला समोर बसवून सांगितलं. नवरा एका गावी आणि बायको दुसऱ्या गावी, म्हणजे ते सोबत राहणं नव्हे. धुळ्याचे दिवस धरत नाहीत. तुमचे अर्ध्या वर्षाचे दिवस कमी पडतात. आता दिवाळीच्या आत एक तर नवऱ्यासोबत एका छताखाली राहू लागा आणि अर्धं वर्ष काढा, नाहीतर एकट्या तिकडे जा. दोन्ही नाही केलं तर कार्ड गेलं म्हणून समजा.

"मी समजत होते, एकाच देशात आहोत ना," सारिका म्हणाली होती.

"म्हन्जे क्यानडापेक्षा धुळं दूर निंघनं," भिकुबाई म्हणाली होती, आणि दोघी हसल्या होत्या. पण त्या दिवसापासून भिकुबाईला झोप नव्हती. भूषण घरी आला तर दोघं निदान अर्धं वर्ष एका ताटात नाही तरी एका घरात जेवतील, आणि अर्ध्या वर्षात काय सांगावं, माणसं बदलतात. नाही आला तर सारिका जाईल. मग या घरात बोलायला भिंती.

मंगळवारी सकाळी तिने भूषणच्या वाट्याचे रोट फडक्यात बांधले आणि अमळनेरमार्गे धुळ्याची एसटी धरली.

खोलीचं दार उघडलं तसं भूषण चपापला. "माय? एकटीच आलीस?"

"तू येत नई, मंग मी ऊनू."

तो पाणी आणायला गेला तेवढ्यात भिकुबाईने खोली न्याहाळली. दोरीवर साडी आहे का, आरशाला टिकली आहे का, हे पाहायचं मनात धरूनच ती आली होती. एक ताट, एक पेला, एक उशी. तिला वाटलं होतं त्याहून हे वाईट होतं. दुसरी बाई असती तर तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

त्याने रोट भक्तीने कपाळाला लावला. मग स्टूल ओढून खिडकीकडे तोंड करून बसला आणि आईकडे पाठ करून खाऊ लागला.

"अरे, इकडे तोंड कर. मी का परकी शे?"

"राहू दे, माय. सवय नाही."

"कसानी सवय?"

तो पाठमोराच म्हणाला, "तिथे तळघरात खोली होती. आठ वर्षं. कामावरून यायचं, भिंतीकडे बघून जेवायचं. नागरिक होईपर्यंत दम धरून बसायचं, असं ठरवलं होतं. झालो. मग लग्न झालं. सारिका समोर जेवायला बसली आणि माझ्या घशाखाली घास उतरेना. तिचं काही चुकलं नाही. ती बोलायची, मला वाटायचं कधी गप्प होईल. मग ती खरंच गप्प झाली, तेही सोसेना."

"तिनं कार्ड जाई, भूषण. घर चाल. सहा महिने."

"सोबत राहतो असं कागदावर लिहून देतो. सही करतो."

"कागदवर राहशी, आनि घरमा नई?"

त्याने रिकामं फडकं झटकून तिच्या पिशवीत घातलं. "मी येत नाही, माय."

निघताना तो स्टँडपर्यंत आला, खिडकीजवळची जागा धरून दिली, पाण्याची बाटली दिली. गाडी हलेपर्यंत तो तिथेच उभा होता, पण नजर दुसऱ्या गाडीच्या पाटीवर ठेवून.

अमळनेर मागे पडलं तसा भिकुबाईच्या मनात एक विचार शिरला. सारिकाला सांगायचं, दसऱ्याला येतो म्हणाला. ती थांबेल. दसऱ्याला म्हणायचं, दिवाळीला येतो. दिवाळी उलटली की कार्ड आपोआप जाईल, आणि सारिका इथेच राहील. कुणाला कळणारही नाही. हा विचार तिने चोपड्यापर्यंत गोंजारला. तो इतका सोपा होता की तिला स्वतःचीच भीती वाटली.

सारिका दारातच होती. तिने पायांवर पाणी घातलं आणि पिशवी घेतली. फडकं रिकामं आहे हे पाहून तिचा चेहरा उजळला.

"खाल्ले त्यांनी? काय म्हणाले?"

भिकुबाईने तिच्या तोंडाकडे पाहिलं. एवढी आशा या पोरीने अजून राखून ठेवली होती, हे तिला ठाऊक नव्हतं.

"नई येत तो," ती म्हणाली. "कधीच नई. तू जाय."

सारिका उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "गेले तर मी नागरिक होईपर्यंत तिथून हलणार नाही, आई. त्याला तीन वर्षं लागतात आणि ती तिथलीच मोजतात. पण एकदा झाले की मग कुणाच्या सोबतीवर माझे दिवस मोजायला नकोत."

"व्हय. पन एक ऐक. तिथं भिंतकडे तोंड करी जेवू नको. शेजारनीले बलाव, भांडन कर, काहीबी कर."

सारिकाने वर पाहिलं. तिला सगळं कळलं असावं, कारण तिने पुढे भूषणचं काही विचारलं नाही.

"आणि तुमच्याजवळ कोण?"

"लताबाई शे ना. टोमना माराले."

सारिका हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. ती उठून आत गेली, विमान कंपनीला फोन लावला. तिकिटाचं, तारखेचं, कसलं कसलं इंग्रजीत बोलू लागली. आवाज आधी बारीक होता, मग मोकळा झाला. भिकुबाईला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. तरी ती दाराच्या चौकटीला टेकून, फोन संपेपर्यंत तो आवाज ऐकत उभी राहिली.