तुपाचं पथ्य

आरोहीच्या डोक्यात टाळूपाशी लिंबाएवढी सूज आली. पू झाला, ताप चढला आणि केस पुंजक्यांनी हातात यायला लागले. देवासच्या डॉक्टरांनी सांगितलं, बुरशी आहे, मुळांपर्यंत गेलेली. वेळेत आवरली नाही तर तिथले केस पुन्हा येणार नाहीत. आठ वर्षांची माझी नात, आणि टक्कल! माझा जीव खालीवर झाला.

मुलगा शंतनू कारखान्यात, सून लतिका शाळेत शिकवायला, तेव्हा औषधपाणी मीच हातात घेतलं. टॉवेल, कंगवा वेगळा केला, अभ्रे रोज उकळले. आणि पथ्य लावलं. पू धरला की तेलतूप बंद, हे आमच्याकडे सासूबाईंपासून चालत आलेलं.

लतिकाने डॉक्टरांची चिठ्ठी वाचली. "आई, यात 'दूध-घी के साथ' लिहिलंय."

"या नव्या डॉक्टरांना पथ्य कशाशी खातात ते तरी ठाऊक आहे का?" मी म्हटलं. ती गप्प बसली. माझ्यापुढे सगळेच गप्प बसतात.

महिनाभर पोरीने कोरडी पोळी आणि बिनफोडणीचं वरण निमूट खाल्लं. रविवारी आम्ही कणकेचे भाजलेले, तुपात बुडवलेले बाफले खाल्ले, तिच्या पानात तेवढा सुका. सूज तसूभरही हलली नाही.

डॉक्टर बुचकळ्यात पडले. "माताजी, दवा बराबर दे रही हैं न?"

"रोज टाइम से, खाली पेट," मी ताठ मानेने सांगितलं. "और घी-तेल एक बूँद नहीं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "ये दवा घी-दूध के बिना शरीर में ठीक से लगती ही नहीं. मैंने लिखा तो था."

लतिका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. चार शब्द बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून गोळी तुपाच्या घासाबरोबर. हळूहळू सूज बसली, पुढे केसही आले. रुपयाएवढी जागा सोडून.

परवा वेणी घालताना आरोहीने नेमकं तिथे बोट ठेवलं. "आजी, इथे कधी येतील?"

"नाही येणार बाळा," मी म्हटलं. "आजीच्या हट्टापायी गेले ते." आणि मला रडूच आलं.

तिने आरशातून माझ्याकडे बघितलं, जरा विचार केला.

"तो फिर भांग रोज तूच पाडायचा," ती म्हणाली. "मम्मीला ती जागा छुपवता येत नाही."