चिमीचा पाणी प्यायलेला वॉकर

मित्रांनो, मी एक जुना वॉकर आहे. धरून चालायला असतो ना, तोच. पण दुकानातला चकचकीत नव्हे हं! मला चिमीच्या बाबांनी घरी बनवलं. ते प्लंबर. कामावरून उरलेले प्लास्टिकचे पाईप माळ्यावर धूळ खात पडले होते. ते त्यांनी करवतीने कापले, कोपऱ्यांवर एल्बो, म्हणजे वाकडे जोड, चिकटवले, उघड्या तोंडांना टोपणं बसवली, आणि झालो की मी उभा!

चिमी लहान. मोठ्या आजारपणात तिच्या पायांतलं बळच गेलं होतं. आता चालली नाही तर पाय कायमचे आखडतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला.

आणि मी काय दिवे लावले? पहिल्याच दिवशी गुळगुळीत फरशीवरून सटकलो. अंगाने मी अगदीच हलका. चिमी तोंडावर आपटली. मग ती मला हातच लावेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबांना वाटलं, एखादा सांधा ढिला राहिला असणार. आता प्लंबर माणूस सांधा कसा तपासणार? मला बाथरूममध्ये नेलं, वरचं टोपण काढलं आणि जवळजवळ गळ्यापर्यंत पाणी भरलं.

आई दारातून म्हणाली, "अहो, वॉकर आहे तो. त्याला काय नळ जोडणार आहात?"

बाबा ओशाळले. गळत तर कुठूनच नव्हतं. ते इतके हिरमुसले, की पाणी ओतून टाकायचंही त्यांना सुचलं नाही. टोपण लावून मला तसंच चिमीच्या पलंगाशी ठेवलं.

चिमीने रागाने मला ढकललं. मी हललोच नाही! पोटात नुसतं डुबुक झालं. तिने पुन्हा ढकललं. पुन्हा डुबुक. ती खुदकन हसली. मग मला घट्ट धरून, सगळा भार माझ्यावर टाकून उभी राहिली.

"बाबा, हा आता पळत नाही," ती म्हणाली. बाबा ढसाढसा रडले.

त्यानंतर आम्ही दोघं घरभर हिंडलो. आणि एका सकाळी मला खोलीच्या मधोमध सोडून ती एकटीच बाबांपर्यंत चालत गेली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्यासाठीच तर मला बनवलं होतं.

आता माझ्यावर ओले टॉवेल वाळतात. जाता-येता चिमी मला एक धक्का देते, डुबुक ऐकते आणि पळते.

मित्रांनो, मला भंगारात टाकू नका. कुणाचे पाय रुसले असतील तर त्याच्याकडे न्या. फक्त टोपण तेवढं उघडू नका. पोटातलं पाणी राहू द्या.