नंबर सतरा

मी पाट्या रंगवतो. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, 'येथे वाहने लावू नयेत'वाल्या. स्वभाव माझा तापट. राग यायला मला क्षण पुरतो, जायला मात्र वर्षं लागतात.

आमचे गणिताचे सर निवृत्त झाल्यावर रोज सकाळी साडेनऊला बाजारातून फेरी मारायचे. शटरं वर जात असायची आणि सर काखेत जाड वही घेऊन रस्त्याच्या मधोमध उभे राहून हाक द्यायचे, "नंबर चार!" किराणावाला पोत्यांमागून ओरडायचा, "हजर, सर!" "नंबर नऊ!" शिंपी तोंडातली टाचणी काढून "हजर!" म्हणेपर्यंत सरांनी वहीत 'उशिरा' लिहिलेलं असायचं. पोटं सुटलेले, केस पिकलेले आम्ही, पण सरांच्या लेखी अजून दहावीच्या वर्गात. कुणी दोन दिवस दिसला नाही की तिसऱ्या दिवशी सर त्याच्या दारात. माझ्या शेजारच्या चावीवाल्याची बायको दवाखान्यात होती, तेव्हा सर महिनाभर त्याच्या दुकानात बसले. एकही चावी धड झाली नाही, पण दुकान उघडं राहिलं.

नंबर सतरा मी. सर निवृत्त झाले त्याच वर्षी माझा मुलगा त्यांच्या विषयात दोन गुणांनी नापास झाला. मी तावातावाने गेलो. "सर, दोनच तर गुण. घरचाच मुलगा आहे."

"घरचा आहे म्हणूनच देत नाही," सर म्हणाले.

झालं, मी बोलणं टाकलं. मुलगा पुढच्या वर्षी चांगल्या गुणांनी पास झाला, सरांकडे चहालाही जायला लागला. बापाचा हट्ट मात्र सुटेना. "नंबर सतरा!" ऐकलं की मी शिडीवर चढून रस्त्याकडे पाठ करायचो. सर थांबायचे. मग चावीवाला माझा आवाज काढून नाकातून ओरडायचा, "हजर, सर!" मी त्याला शिव्या घालायचो, पण आतून बरं वाटायचं. सरांना मोतीबिंदू, त्यांना काय कळणार, असं आम्ही धरून चाललो होतो. अशी सात वर्षं गेली. रोज मी स्वतःला सांगायचो, उद्या ओ देऊ.

गेल्या महिन्यात सर झोपेतच गेले. त्यानंतर माझ्या हातून सरळ रेघ उमटेना. माझ्यावर रुसून गेले असतील का, हा एकच किडा डोक्यात वळवळत होता. चावीवाला म्हणाला, "अरे, त्यांच्या हिशोबी तू रोज हजर होतास. तुला काय झालंय?" बुडत्याला काडीचा आधार. मी ती काडी घट्ट धरली.

मग शोकसभेची पाटी सांगायला सरांची मुलगी आली, हातात तीच वही घेऊन. मी रंगाचे हात पुसले आणि सतरा नंबरची ओळ शोधली. गैरहजर. गैरहजर. पानामागून पान, सात वर्षं. पहिल्याच पानावर समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'आवाज चावीवाल्याचा. सतराला मित्र चांगला मिळाला आहे. हजेरी मात्र त्याची त्यानेच द्यावी. हाक रोज मारायची.'

मी स्टुलावर बसलो. ती म्हणाली, "दादा, पाणी देऊ का?"

शोकसभा शाळेतच, आमच्या जुन्या वर्गात झाली. भाषणं कुणी केलीच नाहीत. मुलीने वही उघडली आणि हजेरी घ्यायला लागली. चार, हजर. नऊ, हजर, शिंपी या खेपेला वेळेवर होता. चावीवाला माझ्या शेजारी ओठ घट्ट मिटून बसला होता.

"नंबर सतरा."

कुणी मागे वळून पाहिलं नाही, पण सगळे थांबले होते. मी बाक धरून उभा राहिलो.

"हजर, सर."

म्हणालो आणि तिथेच लहान पोरासारखा रडलो. सरांच्या मुलीने माझ्याकडे पाहिलं, डोळे पुसले, पेन उचललं आणि माझ्या नंबरापुढे लिहिलं: 'उशिरा'.

शेवटी मुलगी त्यांचीच. फुकटचे दोन गुण तिनेही दिले नाहीत.