तिसरी चूक

बायको पौर्णिमा वारल्याचा फोन अकोल्याहून आला, तेव्हा खुशालराव टेबलाखाली वाकून वायर खोचत होता. नेटवर्कच्या नोकरीसाठी येणाऱ्यांना ती या टेबलावर बसवायची. तीन कॉम्प्युटर, प्रत्येकात तिने मुद्दाम केलेली एक चूक. सकाळी अकोल्याच्या कामावर निघताना तिने दोन सांगितल्या. एकाची वायर आतून तुटलेली, दुसऱ्याला प्रिंटरचाच नेटवर्कवरचा पत्ता दिलेला.

“तिसरी मी आल्यावर सांगीन,” ती म्हणाली होती. “तवरक तुमीच शोधा.”

अमरावतीतल्या त्यांच्या लहानशा धंद्यात वायरी त्याच्या, सेटिंग तिची. दिवस झाले, तेरवी झाली. तिच्या जागी माणूस हवाच होता. खुशालराव नोकरीसाठी आलेल्या मुलांना त्याच टेबलावर बसवू लागला. दोन चुका सापडत. तिसऱ्या कॉम्प्युटरकडे कोणाचा हात गेला, की तो घड्याळ बघे आणि वेळ संपला म्हणे.

एकट्याने कामं ओढून त्यांच्याकडचा कारागीर कुलदीप दमला होता. ज्यांच्या नेटवर्कचं काम त्यांच्याकडे होतं, त्या हॉस्पिटलवाल्यांनीही बजावलं होतं, सोमवारी माणूस दिसला नाही तर काम दुसऱ्याला देऊ.

“भाऊ, नोकर पाहून राहिले का जावई?” कुलदीपने विचारलं.

शनिवारी चांदूर रेल्वे गावची रागिणी नोकरीसाठी आली. पहिले दोन तिने बोलत बोलतच उरकले. खुशालरावने घड्याळाकडे पाहिलं, पण तोवर तिने तिसऱ्याची सेटिंग उघडली होती. बघितलं आणि हसली.

“सर, बाहेर जायच्या रस्त्याच्या जागी याले याचाच पत्ता देला. काही बाहेर पाठवाले गेला का आपल्याच दारात उभा राह्यते.”

खुशालरावची नजर घड्याळावरून पडद्याकडे वळली.

“कोनं केलं हे? लय वस्ताद माणूस दिसते.”

कुलदीपने मान खाली घातली. खुशालराव टेबलाजवळ आला, पडद्यावरचे आकडे वाकून वाचले. मग पुन्हा वाचले.

“नीट करून देऊ?” तिची बोटं कीबोर्डवर होती.

“राहू द्या,” तो म्हणाला. “सोमवारी या. हॉस्पिटलात जा लागते.”

रागिणी आता हॉस्पिटलचं काम बघते. कुलदीप रविवारी सुट्टी घेतो.

तिसरा कॉम्प्युटर दुरुस्त करायचा राहिला आहे.