तिच्या वाट्याच्या प्रदक्षिणा

"वहिनी, माझ्याऐवजी चालता ते पुरे करा. आता माझ्याबरोबर चाला."

हे शब्द भागीरथीबाईंच्या कानात राहून गेले होते. तुळशीला पाणी घालताना ते ऐकू येत, एकादशीला पोथी उघडली की ऐकू येत. सांगणारी मात्र आता बोलत नव्हती. माजघरामागच्या कोठीत ती भिंतीकडे तोंड करून बसलेली असे.

सांगणारी म्हणजे मंगला, त्यांची धाकटी नणंद. पहिले मूल पोटातच गेले आणि मंगला गप्प झाली. सासरच्यांनी थोडे दिवस पाहिले, मग एका ट्रंकेसह तिला कुंभकोणमला भावाच्या दारात आणून सोडले. भाऊ वरदराज एका वकिलाकडे कारकून होता. माणूस वाईट नव्हता. पण घरात लग्नाची मुलगी, आणि समोरच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, दिवसभर बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवणारे शेजारी! त्याने बहिणीला कोठीत ठेवले. जेवण वेळेवर जाई, लुगडी स्वच्छ असत. कडी बाहेरून असे.

वाचकहो, अशी कोठी आपण पाहिली नाही असे म्हणू नका.

भागीरथीबाईंनी नणंदेसाठी नेम धरला होता. रोज सकाळी कावेरीच्या घाटावरच्या पिंपळाला प्रदक्षिणा घालायच्या, ओंजळीत चिंचोके घ्यायचे आणि फेरीगणिक एक चिंचोका पारावर ठेवायचा. अंगात ताप असतानाही हा नेम मोडला नाही.

येत्या महामहमच्या, म्हणजे गावच्या कुंडात बारा वर्षांनी येणाऱ्या पर्वस्नानाच्या, आदल्या वर्षीची गोष्ट. आडि महिन्यात, म्हणजे आषाढाच्या सुमाराला, नदीला नवे पाणी आले होते. घाटावर एक बाई परिसल, म्हणजे वेताची गोल होडी, खुंटाला बांधत होती. तिचे नाव शिवकामी. मद्रासच्या एका मनोरुग्णांच्या इस्पितळात ती कितीतरी वर्षे परिचारिका होती. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी तिला एक विद्या शिकवली होती. मन आजारी झालेल्या माणसाला उघड्यावर न्यायचे, चालायला लावायचे, पाण्यात उतरवायचे, झेपेल तेवढ्या धोक्याशी गाठ घालून द्यायची. आईच्या म्हातारपणासाठी ती इकडे परतली आणि इथे तोच व्यवसाय करू लागली. गावाला तो व्यवसाय वाटत नव्हता. गाव तिला भटकी म्हणत असे.

"कोणासाठी घालता प्रदक्षिणा?" शिवकामीने तमिळमध्ये विचारले.

"नणंदेसाठी. तिच्या मनाला बरं नाही."

"आणि ती कुठे आहे?"

"घरी. कोठीत."

"पाय अधू आहेत तिचे?"

"नाही हो!"

"मग औषध तिचं आणि गिळता तुम्ही?"

भागीरथीबाईंना राग आला. दुसऱ्याच्या श्रद्धेवर असे बोलावे का! पण घरी येऊन कोठीची कडी काढताना त्यांना ते शब्द आठवले. रोज त्या मोकळ्या वाऱ्यात चालत होत्या, सूर्य पाहत होत्या आणि पुण्य मंगलेच्या नावे मांडत होत्या. मंगलेला वारा लागत नव्हता.

वरदराजने नाना आढेवेढे घेऊन परवानगी दिली. अट एकच. उजाडायच्या आत, मागच्या दाराने, डोक्यावरून पदर घेऊन.

शिवकामी आली आणि पहिले काही दिवस नुसती कोठीच्या उंबऱ्यावर बसून राहिली.

"हे काय, बसायचंच आहे तर मीही बसते," भागीरथीबाई म्हणाल्या.

"बसा की. ओढायचं मात्र नाही. तिचा पाय आपण होऊन हलेपर्यंत थांबायचं. माझं निम्मं काम हेच."

मंगला उठली. आधी परसापर्यंत गेली, मग घाटापर्यंत. एका पहाटे शिवकामीने तिला परिसलीत आपल्याशेजारी बसवले आणि काठी तिच्याच हातात दिली. मधल्या धारेत होडी गरगर फिरू लागली. घाटावर भागीरथीबाईंनी डोळे मिटले, आणि त्याच क्षणी त्यांना किंकाळी ऐकू आली. "अय्यो! धरा मला!"

मंगलेचा आवाज! दीड वर्षाने!

"पोरीला घाबरवलंत!" होडी काठाला लागताच भागीरथीबाई ओरडल्या.

"बुडायची भीती वाटली तिला," शिवकामी पदर पिळत म्हणाली. "ज्याला मरायचंच आहे त्याला ती वाटत नाही. तिच्या तोंडून मला हेच ऐकायचं होतं."

मग मंगला बोलू लागली. होडीची काठी स्वतः मारी, पलीकडच्या वाळूत अनवाणी पळे. तळव्यांना घट्टे पडले ते कौतुकाने दाखवी. आणि एक दिवस ओल्या केसांनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिने या गोष्टीच्या आरंभी आलेले ते वाक्य म्हटले. पुढे म्हणाली, "नदीपलीकडे शेतांच्या बांधाबांधाने इन्नंबूरच्या देवळापर्यंत वाट आहे. आपण दोघी जाऊ. येणार ना?"

"येईन हो. वचन देते," भागीरथीबाई म्हणाल्या.

त्या गेल्या नाहीत. आज सोवळ्याचे पापड होते, उद्या कोणी पाहुणे होते. खरे कारण लाज! लोक काय म्हणतील ही लाज!

आणि लोक म्हणालेच. शेजारच्या अंबाबाई तिण्णैवरून म्हणाल्या, "अगो भागीरथी, तुझी नणंद म्हशीसारखी नदीत डुंबते म्हणे! आणि फिरवायला पगारी बाई? देवळातल्या हत्तीला माहूत असतो ते कळतं. बाईमाणसाला माहूत कशाला गो?"

तिण्णैवर हशा पिकला. भागीरथीबाई खाली मान घालून आत आल्या.

त्याच सुमाराला सुंदरीला, त्यांच्या मुलीला, तंजावरचे चांगले स्थळ आले. वरदराजने शिवकामीला बोलावून सांगितले, "आता येऊ नका. लग्न होऊन जाऊ दे."

"आत्ता थांबवलंत तर ती मागे जाईल, अय्या. जिथे होती त्याच्याही मागे."

"तुम्ही देता तरी काय? गोळी नाही, सुई नाही. हवा तर देवाची आहे!"

"हवा देवाचीच आहे," शिवकामी म्हणाली, "पण दार तुमचं आहे."

दार लागले.  भागीरथीबाईंनी पिंपळाच्या प्रदक्षिणा मात्र वाढवल्या.

लग्नाच्या दिवशी नादस्वरम् वाजत होते, तविल घुमत होता, आणि कोठीला कुलूप होते. आतून दारावर थापा पडत होत्या. मंडपात कोणालाच ऐकू आल्या नाहीत. भागीरथीबाईंना आल्या. त्या विड्याची तबके फिरवत राहिल्या! वऱ्हाड गेल्यावर कुलूप काढले तेव्हा मंगला भिंतीकडे तोंड करून बसली होती, दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून. त्या दिवसापासून ती बोलली नाही.

दिवाळसणाला सुंदरी माहेरी आली. आत्यासाठी आणलेले लुगडे कोठीत ठेवून ती बाहेर आली आणि आईच्या मांडीवर डोके ठेवून रडली.

"आई, त्यांच्याकडेही एक आहेत."

"कोण?"

"सासूबाईंची थोरली जाऊ. मागच्या खोलीत असतात. लग्न ठरताना आपल्याला कळू नये म्हणून त्यांना गावाबाहेर एका ओळखीच्यांच्या घरी ठेवलं होतं. आत्याचंही सासूबाईंना सगळं ठाऊक होतं. मला म्हणतात, झाकायचं कसं ते तुझ्या आईकडून शिकली असशील."

भागीरथीबाईंनी मुलीचे डोके मांडीवरून अलगद खाली ठेवले. आपण त्यांच्यापासून लपवले, त्यांनी आपल्यापासून! मग कोठीत बळी दिला तो कोणासाठी? काय मिळाले!

तशाच उठून त्या स्वामिमलैच्या रस्त्यावरच्या शिवकामीच्या खोलीवर गेल्या. खोली बंद होती. घरमालकीण म्हणाली, "म्हातारी वारली, लेक मद्रासला परत गेली. इथे कोणी बोलवीना. तिथल्या इस्पितळाने पगार वाढवून परत घेतलीय म्हणे."

ज्या विद्येला तिथे मान होता, तिला आपल्या गावाने भटकी म्हणून हाकलले होते. रात्री वरदराजला हे सांगितले तेव्हा तो दिवा घेऊन उठला. "मी चुकलो," एवढेच म्हणाला, आणि कुलूप खुंटीवरून काढून विहिरीत टाकून आला.

दुसऱ्या दिवसापासून भागीरथीबाई कोठीच्या उंबऱ्यावर बसू लागल्या. ओढायचे नाही, एवढेच त्यांना माहीत होते. बाकीची विद्या शिवकामीबरोबर गेली होती. मंगला हलली नाही. कित्येक दिवस हलली नाही. त्यांनी देवाची क्षमा मागून प्रदक्षिणा थांबवल्या.

बायांनो, नेम करा, उपास करा, देव ऐकतो. पण दुसऱ्याच्या वाट्याचा सूर्य आपण पाहून तो त्याला पोचत नाही. आजारी मनाला कुलूप घालणे हे पाप आहे, आणि ते उघडायला शिकलेल्या माणसाला हसणे हे त्याहून मोठे पाप! मासी महिन्यात, म्हणजे माघात, महामहमला सारा देश पुण्यासाठी आपल्या गावच्या कुंडात बुडी मारील. त्याआधी आपापल्या कोठ्या उघडा.

पाऊस उघडल्यावर एका सकाळी मंगलेचा एक पाय उंबऱ्याबाहेर आला.  नजर जमिनीवरच होती. भागीरथीबाईंनी तिचा थंडगार हात हातात घेतला आणि मागच्या दाराकडे वळता वळता त्या थांबल्या. मग त्यांनी पुढचे दार उघडले. उन्हे चांगली वर आली होती. तिण्णैवर सगळे बसले होते.

"अगो!" अंबाबाई म्हणाल्या. "नवा माहूत मिळाला वाटतं?"

"मिळाला, अंबाबाई," भागीरथीबाई हळूच म्हणाल्या. "हा शिकलेला नाही. शिकलेली होती, तिला आपण घालवलं."

तिण्णैवर कोणी हसले नाही.

चिंचोक्यांचा डबा देवघरातच राहिला. दोघी पायऱ्या उतरल्या, आणि मंगलेच्या पावलाला पाऊल जुळवत भागीरथीबाई नदीकडे, इन्नंबूरच्या वाटेने निघाल्या.